पीचच्या झाडाखालची ओळ

"सारखं मागे वळून बघू नकोस. झोपलीय ती," तिबो म्हणाला.

तरी मी बघितलंच. माझ्या सायकलमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये सिदोनीची मान एका बाजूला कलली होती, हेल्मेट भुवयांपर्यंत घसरलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. छाती वरखाली होतेय की नाही ते चालत्या सायकलवरून कळत नाही. मी ब्रेक लावला, उतरले, ट्रेलरची जाळी वर करून तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. चालू असणारच होता.

"असं दर गावाला थांबलीस तर सांतनेला आपण नाताळातच पोचू," तिबो म्हणाला. पण तोही उतरला होता आणि तिच्या पायावरून सरकलेलं पांघरूण नीट करत होता.

आम्ही सकाळी बोनहून निघालो होतो. पोमार, वोलने, मग मर्सो. मळ्यांमधून जाणारी ही वाट आता सायकलवाल्यांसाठी गुळगुळीत केलीय, वळणावळणाला हिरव्या पाट्या आहेत. लिऑनमधल्या आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी ही सहल केलेली आहे. परत येऊन ते टेकड्यांचे फोटो दाखवतात आणि कुठल्या तळघरात कुठली वाईन चाखली ते सांगतात, आणि मी मान डोलावते. मी ज्या वाचनालयात काम करते तिथेही मी हेच सांगून रजा घेतली होती, की नवऱ्याला आणि मुलीला घेऊन सायकलने द्राक्षांच्या गावांतून फिरणार आहे. सगळ्यांना ते फार आवडलं.

पण मी सहलीला निघाले नव्हते. मर्सो सोडलं की टेकडीच्या पोटाशी कोर्वेल लागतं. कोर्वेलमध्ये माझं माहेर आहे, तिथे माझा थोरला भाऊ सिरिल राहतो, आणि द्राक्षांच्या दोन तोडण्या झाल्या, आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. माझी मुलगी दीड वर्षाची झाली. त्याने तिला अजून पाहिलेलं नाही. ते घर अजून माझं आहे का, एवढंच मला बघायचं होतं. दारात उभं राहून विचारायची हिंमत नव्हती. सायकलवरून जाता जाता टेकडीवरचा आमचा मळा बघितला असता तर कळलं असतं.

भांडण म्हणावं असं भांडणही झालं नव्हतं. बाबा गेल्यावर मळ्याची वाटणी झाली. वरच्या ओळी माझ्या, खालच्या सिरिलच्या. मी शहरात, तेव्हा माझ्याही ओळी त्यानेच कसायच्या असं ठरलं आणि त्यात कसलीच कुरबुर नव्हती. फक्त तोडणीला मी यायचं. लग्न झालं तरी, नोकरी लागली तरी, सप्टेंबरातला एक आठवडा मी कोर्वेलची.

त्या वर्षी मी आले नाही. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. त्याआधी एकदा पोट पडलं होतं, म्हणून या खेपेला तिबोशिवाय कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तोंडातून शब्द निघाला तर हेही जाईल असं वाटायचं. सिरिलला फोनवर नुसतं म्हटलं, बरं वाटत नाहीये, यंदा जमायचं नाही. तो ऐन गडबडीत. मागे ट्रॅक्टर सुरू, माणसं हाका मारतायत.

"बरं वाटत नाही?" तो त्या आवाजावर ओरडला. "पिसू, आई तुला पोटात घेऊन तोडणी करत होती! तू पार शहरातली झालीस गं."

मी फोन ठेवला. त्याला काही माहीत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ठेवला, आणि पडून रडत राहिले. मग रडण्याने बाळाला काहीतरी होईल म्हणून रडणंही थांबवलं.

सिदोनी झाली तेव्हा तिबोने त्याला कळवलं. उत्तर आलं, "छान. दोघांचं अभिनंदन." पिसू कशी आहे, एवढंही नाही. लहानपणापासून मला त्या नावाने हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं आणि त्याने ते नाव आवरून ठेवलं होतं.

मग गेल्या सप्टेंबरात मादाम कोलिनोंचा फोन आला. या आमच्या शेजारीण. त्यांच्या खिडकीतून सगळी टेकडी दिसते, आणि जे दिसत नाही ते त्या ताडतात.

"नोएमी, मला तुमच्या घरात पडायचं नाही हं," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या भावाने एक ओळ तोडलीच नाही. तुझ्या भागातली, पीचच्या झाडाखालची. पाखरं खातायत. गाव बघतंय. मी म्हटलं, तुला माहीत असलेलं बरं."

आमच्याकडे घड वेलीवर ठेवत नाहीत. माणूस आजारी असो, घरात मयत असो, नवरा-बायको एका ताटात जेवत नसोत, तोडणी होते. एखादी ओळ सोडून देणं म्हणजे त्या ओळीच्या मालकाशी आपला काही संबंध नाही, असं टेकडीवर लिहून ठेवणं. आणि तीही कुठली ओळ? पीचखालची.

ती ओळ आम्ही दर वर्षी शेवटी तोडतो. हंगामाचे मजूर कमरेवर हात ठेवून बाजूला उभे राहतात. ती फक्त घरच्यांनी तोडायची, आणि शेवटचा घड घरातल्या धाकट्याने. मग ट्रॅक्टरचा भोंगा वाजतो, खाली गावात खिडक्या उघडतात, आणि सगळे जेवायला जातात. धाकटी मी. अगदी लहान होते तेव्हा बाबा माझ्या हातावर हात ठेवून कात्री दाबायचे. कॉलेजात गेल्यावर मला लाज वाटायला लागली, मजुरांमध्ये माझ्याच वयाची पोरं असायची. पण तो घड दुसऱ्या कुणी तोडलेला मला खपला नसता.

त्या फोननंतर वर्षभर मी ती ओळ डोळ्यांपुढून हलवू शकले नाही. सिदोनीला भरवताना, रात्री तिचा ताप बघताना, मध्येच ती दिसायची. काळे घड, त्यावर पाखरं.

"कोर्वेल आलं," तिबो म्हणाला.

वाट आमच्या तुकड्याच्या डोक्यावरून जाते. तिथे अवजारं ठेवायची दगडी खोपटी आहे, शेजारी पीच. खाली कौलं, चर्चचा टोकदार मनोरा, आणि वर येणाऱ्या वाऱ्याला ताज्या रसाचा, आंबू लागलेल्या सालींचा वास. तो वास नाकात गेला आणि मला एकदम भूक लागली, लहानपणी शाळेतून आल्यावर लागायची तशी.

"मी गावातून पाणी भरून आणतो," तिबो म्हणाला. "तू हिला घेऊन सावलीत बस."

"पाणी आहे की."

"गरम झालंय."

"चालतंय मला."

त्याने बाटली उघडली, माझ्याकडे बघत बघत सगळं पाणी रस्त्यावर ओतलं आणि म्हणाला, "आता नाहीये." मी काही बोलायच्या आत तो उतारावरून निघालासुद्धा.

तेव्हा मी मळ्याकडे बघितलं.

तोडणी झालेली होती. सगळ्या ओळी रिकाम्या, पानांच्या कडा लाल-पिवळ्या व्हायला लागलेल्या. आणि पीचखालची ओळ भरलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली झुकलेले काळे घड. पाखरांना हुसकावायच्या चमकत्या पट्ट्या फक्त त्याच ओळीच्या तारेवर फडफडत होत्या. बाकीच्या काढलेल्या. माझ्या मनात आलं, एवढ्याच ओळीवरच्या काढायलाही त्याचा हात झाला नाही. खोपटीशी रिकामे क्रेट रचून ठेवलेले होते. म्हणजे क्रेट होते, माणसं होती, दिवस होते.

यंदाही.

मी रडेन असं वाटलं होतं, पण मला भयंकर राग आला. ट्रेलर पीचच्या सावलीत नेला, चाकांना दगड लावले, जाळीची चेन दोन्ही बाजूंनी तपासली. पिकलेल्या द्राक्षांवर गांधीलमाश्या येतात. मग पुढच्या पिशवीत, डायपरच्या खाली हात घालून बाबांची कात्री काढली. सायकलच्या सहलीला ही कात्री मी का घेतली होती, हे तिबोने विचारलं नव्हतं, नाहीतर मला सांगता आलं नसतं.

खालच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे एकेका वेलीबरोबर सिदोनीच्या जवळ येत जाईन. डाव्या हाताने पानं बाजूला, घड तळहातात, देठ, खट्. हात काही विसरलेले नव्हते. कंबर मात्र विसरली होती. द्राक्षं जरा जास्तच पिकलेली, साल सुरकुतलेली, हात लगेच चिकट झाले. दर चार वेलींनी मी वर धावत जाऊन जाळीतून बघून येत होते. झोपलेली. परत खाली. क्रेट भरत होते.

अर्ध्यावर आले तेव्हा वरच्या वाटेवर दोन सायकली थांबल्या. नवरा-बायको, सत्तरीचे, सारखी पिवळी जाकिटं, सायकलींना नकाशे टांगलेले. हॉलंडचे असावेत.

"माफ करा," बाई जपून जपून शब्द जुळवत म्हणाल्या. "आपला एक फोटो घेऊ का? आम्हाला वाटलं, तोडणी संपली. आम्हाला फार वाईट वाटलं होतं."

"संपलीच आहे. ही एक राहिली होती."

"आपण इथल्याच?"

माझ्या अंगात सायकलची चड्डी होती, पायात लिऑनच्या दुकानातले बूट. ट्रेलर झाडाआड होता, त्यांना दिसत नव्हता.

"हो," मी म्हणाले. "इथलीच."

त्यांनी फोटो काढला, हात हलवले आणि सांतनेच्या दिशेने गेले. मी पुन्हा वाकले, पण काही क्षण मला देठ दिसेना.

पीचपर्यंत पोचले, एकच वेल उरली होती, आणि सिदोनी जागी होऊन रडायला लागली. मी कात्री तिथेच ठेवली, हात चड्डीला पुसले, तिला बाहेर काढलं. ती कढत झाली होती झोपेने. खांद्यावर थोपटलं, बाटलीतलं दूध दिलं. ती निवळली आणि माझ्या कडेवरून वाकून वेलीकडे बोट करायला लागली.

"दे."

"नाही सोनू. बिया असतात त्यात. घशात अडकतात."

द्राक्ष मी तिला चार तुकडे करून देते, तेही बिनबियांचं, तेही ती गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत.

"दे!"

इतक्यात चढावरून एक खडखड ऐकू आली. सैल मडगार्डची. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता, कारण त्या मडगार्डच्या वरच्या कॅरियरवर बसून, भावाच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत धरून, पाय फाकवून मी हा उतार शेकडो वेळा उतरले आहे.

सिरिल सायकलवरून उतरला. धापा टाकत होता. जाडा झाला होता, कानावरचे केस पांढरे. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सिदोनीकडे, मग ओळीकडे, आणि त्याचा चेहरा पडला.

"नोएमी, हे काय करून बसलीस?"

नोएमी.

"तोडली," मी म्हणाले. "कुणीतरी तोडायलाच हवी होती ना? दोन वर्षं माझा वाटा सडवत ठेवलास. सगळ्या गावाला दिसेल असा. मादाम कोलिनोंना तर करमणूकच झाली. काय बोलायचं ते फोन करून बोलायचं होतंस, द्राक्षांवर कसला राग काढतोस?"

"तुझा वाटा?"

"मग कुणाचा?"

त्याने हनुवटीनेच दाखवलं. माझ्या कडेवर.

"हिचा," तो म्हणाला. "शेवटचा घड धाकट्याने तोडायचा. लिऑनला गेलं की हेही विसरायला होतं का?"

"धाकटी मी आहे," मी म्हणाले.

माझेच शब्द मला ऐकू आले. सिदोनी माझ्या कानातली रिंग ओढत होती.

"होतीस," सिरिल हळूच म्हणाला.

मग तो माझ्याकडे न बघता, सायकलच्या हँडलवर ओठंगून बोलत राहिला. "गेल्या वर्षी म्हटलं, तोडणीला आणेल ती पोरीला. कडेवर घेऊन येईल. शेवटच्या दिवशी माणसं थांबवून ठेवली. नाही आलात. म्हटलं, उद्या येतील. परवा येतील. मग पाखरं आली. यंदा म्हटलं, पाखरांना तर द्यायची नाही. पट्ट्या लावल्या, रोज संध्याकाळी इथे येऊन टाळ्या वाजवतो. गावाला वाटतं, याचं डोकं फिरलं."

"फोन करता येत नव्हता?"

"फोन तू ठेवला होतास. ज्याने ठेवला त्याने करायचा."

"हा कुठला नियम?"

"बाबांचा."

"बाबांनी जन्मात कुणाला फोन केला नाही!"

"तेच तर," तो म्हणाला, आणि हसू येऊ नये म्हणून त्याने नाक चोळलं. "आत्ता तुझा नवरा पाण्याची बाटली घेऊन दारात उभा. नळाखाली धरली बाटली आणि म्हणतो, तुझी बहीण वर टेकडीवर आहे, मी कुणाला काही सांगितलेलं नाही." मग हसू गेलं. "मला माहीत नव्हतं गं. त्या दिवशी. तू तशी आहेस, पडून आहेस. आईचं नाव घेऊन मी जे काही बोललो…"

पुढे त्याला येईना. मी मदत केली नाही. त्याची नजर वेलीखाली पडलेल्या कात्रीवर गेली.

"ही बाबांची! मी घर पालथं घातलं हिच्यासाठी."

"मी नेली होती."

"चोरटी." त्याने ती उचलली, पात्यावरची माती अंगठ्याने काढली. "सगळीच तोडलीस का? एकही ठेवला नाहीस?"

"ही वेल राहिलीय. ही रडायला लागली म्हणून."

त्याने वेल बघितली. पानं बाजूला केली. एक घड होता.

"म्हणजे हिने थांबवलं तुला," तो म्हणाला. "शहाणी आहे. आईवर नाही गेली."

मी सिदोनीला उभं केलं. सिरिल गुडघ्यांवर बसला. ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघते तशी, तोंड वाकडं करायच्या बेतात. त्याने कात्री माझ्यापुढे धरली.

"तू धर. बाबा धरायचे तशी."

ती कात्री किती धारदार आहे ते मला माहीत आहे, माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. मी सिदोनीची इवली बोटं आधी एकत्र केली, पात्यापासून लांब, मुठीच्या पार टोकाला, त्यांवर माझा हात. तिचा हात पूर्ण नाहीसा झाला माझ्या हाताखाली. म्हणजे बाबांना हे असं दिसत असेल, वरून, माझ्या डोक्याच्या मागून. त्यांचा हात मला फक्त जड लागायचा. तो थरथरत होता का, हे मला कधी कळलं नव्हतं.

खट्.

घड सिरिलच्या ओंजळीत पडला. सिदोनी दचकली, मग खदाखदा हसली, आणि मला कळायच्या आत तिने एक द्राक्ष तोडून ओठांशी नेलं.

"बिया आहेत त्यात!" मी किंचाळले.

सिरिलने तिचं मनगट अलगद धरलं. द्राक्ष घेतलं, दातांनी दुभागलं, बिया बाजूला थुंकल्या, साल सोलली. उरलेला मऊ, ओला एवढासा तुकडा बोटाच्या टोकावर धरला. तिला दिला नाही. माझ्याकडे बघत थांबला.

मी होकारार्थी मान हलवली.

तिने खाल्लं. चेहरा आंबट केला. मग तोंड उघडलं, "अजून."

"भोंगा नाही यंदा," सिरिल म्हणाला. "ट्रॅक्टर खाली आहे." त्याने इकडेतिकडे बघितलं, आपल्या सायकलीशी गेला आणि घंटी वाजवली. गंजलेली घंटी, अर्धी वाजते अर्धी अडकते. तो वाजवतच राहिला. खालच्या चढावरून दुसरी घंटी वाजू लागली, तिबोची. एक हात हँडलवर, दुसऱ्यात बाटली. आणि गावात एक खिडकी उघडली. कुणाची ते सांगायला नको.

"क्रेट नंतर नेऊ," सिरिल म्हणाला. "एवढ्याची वाईन व्हायची नाही. जॅम होईल. वहिनी तुझी वर्षभर बरण्या धुऊन बसलीय. जेवायला चला."

त्याने सिदोनीला आधी आपल्या कॅरियरवर बसवायला उचललं. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

"बरं, बरं," तो म्हणाला. "पट्ट्याबिट्ट्यांच्या गाडीत." त्याने तिला ट्रेलरमध्ये ठेवलं, मी पट्टे आवळले, त्याने आवळलेले पुन्हा आवळले. मग तो माझ्या सायकलवर बसला. "ओढतो मी. तू दमलीयस. माझी घे."

त्याने मागे वळून बघितलं, आणि किती दिवसांनी, अगदी तशाच आवाजात, म्हणाला, "चल, पिसू."

"आले," मी म्हणाले.

ट्रेलरमध्ये सिदोनीने हात वर केला होता. 'पिसू' तो तिला म्हणाला होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. चेष्टा करायची एवढी आयती संधी त्याने आयुष्यात पहिल्यांदा सोडली. "तूही ये," तो म्हणाला, आणि पेडल मारलं.

मी त्याची सायकल घेतली. सीट उंच, पाय जेमतेम पोचत होते. उतार लागला. पुढे ट्रेलरचं नारिंगी निशाण डोलत होतं, जाळीतून हेल्मेट दिसत होतं, हलणारं, जागं. मला मागे वळून बघायचं काही कारण नव्हतं. मागे मडगार्ड खडखडत होतं आणि कॅरियर रिकामं होतं. समोर माझ्या भावाचा सदरा वाऱ्याने फुगला होता, पाठीवर घामाचा डाग, आणि तो मुठीत धरावासा वाटत होता, पण मध्ये ट्रेलर होता, त्यात ती बसली होती. मी ब्रेकवर बोटं ठेवली आणि तेवढंच अंतर राखत उतरत राहिले.